तुम्ही विचारलंत म्हणून: ओटीवरची कोळीण

"खरी आहे का हो ही?" आमच्या ओटीवर पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीवरच्या फ्रेममधल्या कोळिणीकडे बघून हे विचारतोच, चपला काढता काढता. हो, खरी आहे. मेलेली आहे. आणि नाही, मी मारलेली नाही. मग पुढचा प्रश्न येतो की टिकवली कशी, आमच्याकडेपण बाथरूममध्ये एक मोठा मेलाय, फुलपाखराला मारतात तशी टाचणी मारून ठेवू का, मुलाला प्रोजेक्टला होईल. परवा तर बँकेत पासबुक भरून घेताना काउंटरपलीकडून विचारलं एकीने. मी चिपळूणला एका ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, एकवीस वर्षं बाटल्या पुसणं, स्लाइड लावणं, स्पिरिटच्या रजिस्टरवर सह्या घेणं हेच केलंय, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळं येतं. येत नव्हतं. तीन कोळी वाया घालवून शिकले.

तर आधी टाचणीचं. मारू नका. फुलपाखरू, भुंगा, टोळ हे कीटक, आतलं वाळलं तरी त्यांचं बाहेरचं कवच जागेवर राहतं, म्हणून टाचणी मारून पेटीत ठेवले की नीट सांभाळले तर शंभर वर्षंसुद्धा राहतात. कोळी कीटक नाही हे शाळेत पाठ केलेलं असतं, आठ पाय वगैरे, पण आपल्या कामाचा फरक वेगळाच आहे. त्याचं डोकं आणि छाती मिळून जो पुढचा भाग असतो तो कडक, आणि मागचं पोट म्हणजे पातळ कातडीचा पाण्याने भरलेला फुगा. माझा पहिला कोळी म्हणजे घराघरात असतो तो चपटा, तपकिरी, जाळं न विणता भिंतीवर धावणारा, ज्याला इंग्रजीत हंट्समन म्हणतात. मी मोठ्या ऐटीत बरोबर पोटातून टाचणी घातली. आधी एक थेंब बाहेर आला, मग चार दिवसांत पोटाची मनुका झाली, आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर मुंग्या दोन पाय घेऊन टेबलाच्या कडेपर्यंत पोचलेल्या.

दुसऱ्याला पायच सरळ होईनात. मेलेला कोळी बघितलाय ना, उताणा, सगळे पाय पोटाशी मुठीसारखे आवळलेले? त्याचं कारण मला बरंच नंतर कळलं आणि कळल्यावर कितीतरी दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. कोळ्याच्या पायातल्या दोन मोठ्या सांध्यांना पाय आत ओढायला स्नायू आहेत, बाहेर सरळ करायला नाहीतच! सरळ करायचं काम अंगातलं रक्त करतं, पुढच्या भागातून दाबाने पायात ढकललं जातं, जेसीबीचा हात कसा तेलाच्या दाबावर उचलतो तसंच. जीव गेला की दाब गेला, आणि पाय आपोआप आत. अमेरिकेत राईस युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी तर २०२२ साली मेलेल्या वुल्फ स्पायडरच्या पुढच्या भागात सुई घालून, ग्लूने चिकटवून, त्यातून हवा आतबाहेर करून त्याचा चक्क चिमटा केला. हवा भरली की पाय उघडतात, काढली की मिटतात, आणि स्वतःच्या वजनाच्या सव्वापटीहून जास्त वजन तो मेलेला कोळी उचलतो. २०२३ला त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. आमच्या अकरावीच्या पोरांना हे सांगितलं तर म्हणाली मॅडम आपण करू या ना. नको म्हटलं.

सांगायचं म्हणजे वाळलेल्या कोळ्याचे पाय ओढून सरळ करायला गेलात तर ते तुटणार, काडेपेटीतल्या काडीसारखे. एका घट्ट झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर डेटॉलचे दोन-तीन थेंब (नाहीतर बुरशी धरते), त्यावर बाटलीचं झाकण उपडं ठेवून कोळी त्या झाकणावर, पाण्याला न लागता, एक-दोन दिवस. मऊ पडतो. ताजा मेलेला असेल तर याची गरजच नाही, त्याच दिवशी करा. त्या दिवशी वेळ नसेल तर झिप लॉकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, पण पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे बांगडा माशांच्या पिशवीबरोबर ती एकदा कट्ट्यावर आली आणि त्या दिवशी ह्यांनी जेवायला बाहेर जाऊ या म्हणून स्वतःहून सुचवलं.

तिसरा आषाढात केला. अख्खा पांढऱ्या बुरशीने भरला. कोकणात पावसाळ्यात पापड वाळत नाहीत तिथे कोळी काय वाळणार, पण हे तेव्हा सुचलं नाही.

मग मी आमच्या लॅबमधल्या बाटल्यांकडे नीट बघायला लागले, ज्या मी इतकी वर्षं नुसत्या पुसत होते. कोळी ठेवायची खरी जागा ती. सत्तर ते ऐंशी टक्के अल्कोहोल, त्यात अख्खा कोळी, पोट जसंच्या तसं. शास्त्रज्ञ असंच ठेवतात, कारण कोळ्याची जात ओळखायची तर बऱ्याचदा मायक्रोस्कोपखाली त्याचे जननेंद्रियांचे भाग बघावे लागतात आणि मादीचे ते भाग पोटाखाली असतात, त्याची मनुका झाल्यावर बघणार काय? २६/११ला कसाबला धरून ठेवताना गेले त्या तुकाराम ओंबळेंच्या नावाने २०२१मध्ये एका कोळ्याच्या जातीला नाव दिलं, इसियस तुकारामी, आपल्या महाराष्ट्रातलाच, उड्या मारणारा, काही मिलिमीटरचा. एवढ्याशा जिवाला फ्रेममध्ये घालून बघा बरं. घरी अल्कोहोल सहज मिळत नाही, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालतं. फॉर्मलिन अजिबात आणू नका, कोळी ठिसूळ होतो आणि तुमचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच, ते विषारी आहे. बाटलीत रंग उडतो हे मात्र खरं, जाळ्यात पांढरी इंग्रजी एक्ससारखी फुली विणणाऱ्या त्या पिवळ्या-काळ्या कोळ्याचा सुंदर पिवळा रंग काही महिन्यांत उकडलेल्या बटाट्यासारखा होतो. लोकांना आवडत नाही.

बाटलीचा मोठेपणा मला कळला तो २०२१च्या पुरात. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, आमची लॅब तळमजल्यावर, पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा गुडघाभर चिखल आणि त्यात काय काय. टाचण्या मारलेल्या किड्यांच्या आणि फुलपाखरांच्या लाकडी पेट्या होत्या, आमच्या आधीच्या सरांनी जमवलेल्या, त्यातलं एक पंखसुद्धा हाती लागलं नाही. बाटल्या मात्र चिखलातून निघायला लागल्या, एक-एक, बटाटे काढावे तशा. ज्यांची बुचं सैल होती त्या गेल्या. ज्यांची घट्ट होती त्या मी नळाखाली धरल्या आणि आत कोळी आपला जसाच्या तसा, आणि त्याच्यासोबत कागदाची पट्टी, पेन्सिलीने लिहिलेली, गाव, तारीख, "विहिरीच्या कडेला". बाहेर चिकटवलेली लेबलं सगळी धुऊन गेली होती. पेनाने लिहून आत टाकलेल्या एक-दोन पट्ट्यांची शाई पुराआधीच स्पिरिटमध्ये उतरून गेलेली, नुसता निळसर कागद. म्हणून पेन्सिल. म्हणून पट्टी आत. आमच्या आधीचे सर हे कानीकपाळी ओरडायचे आणि मला ती म्हातारपणाची किरकिर वाटायची.

मग एवढं कळत असून ओटीवर फ्रेम का? तर ती आईंमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आमच्या घरामागे पोफळी आहेत आणि त्याच्या पुढे विहीर. २०२२च्या पावसाळ्यात विहिरीचा रहाट आणि पहिली पोफळ यांच्यामध्ये एका कोळिणीने जाळं लावलं, जायंट वूड स्पायडर म्हणतात तिला, सह्याद्रीत सगळीकडे दिसते, शरीर चारेक सेंटिमीटर आणि पाय पसरले की माझ्या पंज्याएवढी. जाळं उन्हात चक्क सोनेरी दिसतं. आई गणपतीच्या आधी घरातलं एकेक जळमट केरसुणीला गुंडाळून काढणाऱ्या, कोळी अंगावर मुतला की फोड येतात यावर ठाम (ते फोड बहुतेक वेळा एका बारक्या किड्याचे, अंगावर चिरडला की येतात, पण आईंना कोण सांगणार), पण हिला त्यांनी हात लावला नाही. पाणी काढायला जाताना वाकून जायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायच्या, वाका रे, तिचं मोडेल. त्याच जाळ्यात वरच्या कोपऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरचा तांबूस ठिपका बसलेला असायचा, मी सांगितलं आई तो नवरा आहे तिचा, तर पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या बिचारा गो. मी त्यांना हेपण सांगितलं होतं की मादागास्करला हिच्या नात्यातल्या कोळिणींचं रेशीम काढून झगा विणला, बारा लाख कोळिणी लागल्या, आणि २०१२ला तो लंडनच्या म्युझियममध्ये लावला. त्यावर त्यांनी विचारलं, पैठणीला किती लागतील?

डिसेंबरात एका सकाळी ती जाळ्याखाली दगडावर पडलेली मिळाली. त्या कोळिणींचं आयुष्यच तेवढं, अंडी घालून झाली की संपतं. आईंनीच उचलून आणली, करवंटीत. म्हणाल्या तू त्या बाटल्यांमध्ये ठेवतेस तशी ठेव हिला, पण रंग जाईल तशी नको. म्हणजे झालं की नाही, दोन्ही पाहिजे.

तर फ्रेमची कृती अशी, आणि ही फक्त मोठ्या कोळ्यांची, पोट निदान शेंगदाण्याएवढं असेल तरच. उताणी ठेवून पोटाच्या खालच्या बाजूला नव्या ब्लेडने लहानशी चीर. बारीक चिमट्याने आतलं सगळं काढायचं, हे घाण काम आहे आणि वास येतो, खिडकी उघडी ठेवा. आतून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, कातडी फाटू न देता. मग कापूस भरायचा, बारीक वळून, थोडा थोडा, आणि इथे सगळ्यांचं चुकतं, जास्त भरतात आणि कोळी गरोदर दिसायला लागतो. माझ्याकडचा मेडिकलचा कापूस फार मऊ पडत होता, दाबला की बसायचा, तेव्हा आईंनी देवघरातून वातींचा कापूस आणून दिला, पेळू करून, त्यांच्या बोटांनी वळलेला, घट्ट आणि एकसारखा. देवाचा चालेल का म्हटलं तर म्हणाल्या देवाला काय कमी आहे कापूस. चिरेवर फेविकॉलचा ठिपका, ती बाजू खाली जाते, दिसत नाही.

आता टाचण्या. थर्माकोलवर कोळीण ठेवायची आणि टाचण्या तिच्या अंगात न मारता तिच्या भोवती मारायच्या. प्रत्येक पायाला दोन्हीकडून दोन टाचण्या कात्रीसारख्या फुलीत, पाय त्या फुलीत टेकतो. आठ पाय आणि प्रत्येक पायाला दोन-तीन जागी फुली, म्हणजे चाळीसेक टाचण्या होतात, कोळीण दिसेनाशीच होते, नुसतं टाचण्यांचं रान. साध्या टाचण्या गंजतात आणि डाग पाडतात, स्टीलच्या इन्सेक्ट पिन घ्या. पुढचे दोन पाय जोडीने पुढे, मागचे मागे, ती जाळ्यात बसायची तसे, प्रदर्शनात करतात तसे सूर्यकिरणांसारखे चहूकडे फाकवू नका, जिवंत कोळी तसा कधी बसत नाही. पंधरा दिवस सावलीत, डब्यात, मुंग्यांपासून लांब, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. वाळली की सगळ्या टाचण्या हलक्या हाताने काढायच्या आणि पुठ्ठ्यावर फेविकॉलच्या दोन थेंबांवर बसवायची. काहीजण पुढच्या कडक भागातून एक टाचणी मारतात, मोठ्या टॅरंटुलांना चालतंही ते, मला नाही आवडत.

फ्रेम बंद करताना कोपऱ्यात डांबरगोळीचा तुकडा, नाहीतर बारके किडे आतून खाऊन नुसता भुसा ठेवतात. पट्टी पेन्सिलीनेच. तो नवरा वेगळ्या बाटलीत आहे, त्याच्यात कापूस भरायला माझ्यापेक्षा बारीक हात लागले असते.

आणि मुलाच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर सरळ सांगते, मेलेला शोधू नका, कात शोधा. कोळी वाढताना कात टाकतो. दाराच्या मागे, माळ्यावर, हंट्समनची कात लोंबत असते आणि लोक तिला कोळी समजून चप्पल मारतात. तिच्या पुढच्या भागाचं झाकण उघडल्यासारखं वर असतं, भिंगातून बघितलं तर आठ डोळ्यांच्या जागा काचेसारख्या स्वच्छ दिसतात. वास नाही, चीर नाही, ओल्या टिश्यूवर मऊ करून पाय लावले की झालं. यासाठी जिवंत कोळी फ्रीजरमध्ये घालणारे पालक मला माहीत आहेत, त्यांना मी काही शिकवत नाही. ऑनलाइन तयार फ्रेमा मिळतात त्यातला कोळी कुठून आणला आणि कसा मेला हे कोणी सांगत नाही. आणि कोयनेच्या किंवा कुठल्याही अभयारण्यातून मेलेलंसुद्धा काही उचलून आणायचं नाही, तो गुन्हा आहे.

फ्रेममधली कोळीण आता थोडी काळवंडली आहे, पिवळे पट्टे पूर्वीइतके उठून दिसत नाहीत. दर जूनमध्ये फ्रेम उघडून मी सिलिका जेल बदलते, आई शेजारी बसून सूचना देतात. यंदा रहाटाच्या दुसऱ्या बाजूला नवीन एक बसली आहे, त्यामुळे बघायला आलात आणि मागे हात धुवायला गेलात तर वाकून जा.