बिल्बाओचं व्रत

पुण्यात आमच्याकडे कुणी पहिल्यांदा आलं की बैठकीच्या भिंतीवर टांगलेला लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट बघून विचारतं, "अ‍ॅटलेटिको माद्रिद का?" मी म्हणतो, नाही, बिल्बाओचा, उत्तर स्पेनमधल्या त्या शहराच्या फुटबॉल संघाचा. अ‍ॅथलेटिक क्लब. मग चहा येईपर्यंत मी उत्साहाने सांगू लागतो की हा क्लब शंभराहून जास्त वर्षं फक्त बास्क, म्हणजे आपल्याच प्रदेशातल्या, खेळाडूंनिशी खेळतोय, जगभरातून माणसं विकत आणत नाही. इथे पाहुण्यांच्या कपाळावर आठी येते. पुढचा प्रश्न मला आता पाठ झालाय: "मुंबईत कुणी परप्रांतीयांविरुद्ध बोललं की तुम्ही चिडता. मग हा भूमिपुत्रवाद तुम्हाला कसा चालतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चहा संपेपर्यंत आटपेल एवढं हे उत्तर नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी नियम. तो बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. अ‍ॅथलेटिककडून खेळायचं तर खेळाडूचा जन्म बास्क प्रदेशातला हवा, किंवा त्याने फुटबॉलचे धडे तिथल्या एखाद्या क्लबात गिरवलेले हवेत. दोन्हींपैकी एक पुरे. बास्क प्रदेश म्हणजे सात प्रांत, स्पेनमधले चार आणि फ्रान्समधले तीन. स्पेनमधल्या चारांत नवाराही धरतात. (जुन्या गोव्यात ज्यांच्या दर्शनाला आपल्याकडचीही माणसं रांगा लावतात, ते सेंट फ्रान्सिस झेवियर याच नवाराचे.) सगळी मिळून लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या पुणे शहराएवढी. एवढ्याशा विहिरीवर हा क्लब १९२९ पासून, स्पेनची लीग सुरू झाली तेव्हापासून, वरच्या श्रेणीत टिकून आहे. एकदाही खाली न घसरलेले क्लब तीनच आहेत. बाकीचे दोन रेआल माद्रिद आणि बार्सिलोना.

हा नियम क्लबच्या घटनेत कलम म्हणून लिहिलेला नाही. १९११ च्या राजाच्या करंडक स्पर्धेत इंग्रज खेळाडू उतरवण्यावरून वाद झाला आणि त्यानंतर क्लबने आपल्याच मुलांवर भागवायला सुरुवात केली. त्याची सवय झाली, सवयीची रीत झाली, आणि रीतीचं व्रत झालं.

व्रत हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. एकादशी मी धरली म्हणून शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी मी काढून घेत नाही. तुम्हाला मुंबईतल्या ज्या राजकारणाची आठवण होते त्याचा सगळा रोख दुसऱ्याच्या ताटावर असतो: टॅक्सीचा परवाना कुणाला मिळावा, परीक्षेला कुणी बसावं. अ‍ॅथलेटिकने दुसऱ्या कुठल्या क्लबाला कधी सांगितलं नाही की तुम्हीही आमच्यासारखंच करा. समोरून ब्राझीलचा येवो, अर्जेंटिनाचा येवो, हे आपली अकरा पोरं घेऊन उभे राहतात. १९५८ साली करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी दि स्तेफानो या दिग्गज खेळाडूच्या रेआल माद्रिदला माद्रिदच्याच मैदानावर २-० असं हरवलं. त्या संघाला 'अकरा खेडूत' असं नाव पडलं. ते नाव बिल्बाओत आजही लाडाने घेतात.

आणि शुद्धतेच्या अभिमानाचं म्हणाल, तर तो या क्लबला पेलणारच नाही. बिल्बाओ हे बंदर. आसपासच्या डोंगरांतून लोहखनिज निघायचं, ते जहाजांतून इंग्लंडला जायचं, आणि परतीच्या वाटेवर कोळशाबरोबर फुटबॉलही आला. १८९८ साली क्लब स्थापन झाला तो इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या बिल्बाओच्या तरुणांच्या पुढाकाराने. नावातला 'अ‍ॅथलेटिक' हा शब्द चक्क इंग्रजी. लाल-पांढरे पट्टेही तिकडचेच: शर्ट खरेदी करायला इंग्लंडला गेलेल्या माणसाला हवे ते मिळाले नाहीत, तेव्हा बोट सुटायच्या आधी त्याने साउदॅम्प्टनच्या क्लबचे शर्ट उचलून आणले, असं सांगतात. ही १९१० च्या आगेमागेची गोष्ट. माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी १९०३ साली या क्लबची शाखा काढली होती, तिनेही तेच पट्टे घेतले, आणि त्या शाखेचा पुढे अ‍ॅटलेटिको माद्रिद झाला. भिंतीवरच्या शर्टाबद्दलच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. प्रशिक्षकाला तर जन्मगावाची अट कधीच नव्हती. १९३० आणि १९३१, लागोपाठ दोन वर्षं लीग आणि करंडक दोन्ही जिंकून दिले ते फ्रेड पेंटलंड या इंग्रजाने.

मग या उसन्या नावासाठी माणसं एवढी जीव का टाकतात? हे मला बिल्बाओत राहिल्यावर कळलं. नोकरीनिमित्त दोन वर्षं तिथे होतो, २०१६ ते २०१८. तिथे एक बारीक, न संपणारी भुरभुर असते. छत्री उघडावी इतका पाऊस नाही आणि न उघडावी तर तासाभरात भिजलेलोच. बास्कमध्ये तिला शिरिमिरी म्हणतात. अशाच एका शिरिमिरीच्या संध्याकाळी आमचे घरमालक, वयाची सत्तरी जवळ आलेले गृहस्थ, मला पोसा रस्त्याने सान मामेस मैदानाकडे घेऊन निघाले. दोन्ही बाजूंना बार, प्रत्येक दारात लाल-पांढरे शर्ट, आजोबा-नातू एकाच रंगात. वाटेत त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी या क्लबचं नाव हे नव्हतंच.

गोष्ट अशी. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निका हे बास्क गाव बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं, जूनमध्ये बिल्बाओ फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडलं. त्याच काळात बास्क सरकारने निवडक खेळाडूंचा संघ युरोपच्या दौऱ्यावर पाठवला होता, निर्वासितांसाठी पैसा उभा करायला आणि जगाला आपली बाजू सांगायला. देश हातातून गेला तरी तो संघ खेळत राहिला, मेक्सिकोत पोहोचून तिथल्या लीगमध्येही खेळला. त्यातले कितीतरी जण परत आलेच नाहीत. इकडे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने परकी शब्द असलेली नावं बदलायला लावली आणि १९४१ साली अ‍ॅथलेटिकचं 'अ‍ॅटलेटिको' झालं. बास्क भाषा चारचौघांत बोलायची सोय राहिली नाही, झेंड्यावर बंदी आली. आपलं म्हणून मोठ्याने ओरडता येईल अशी एक जागा उरली, ती म्हणजे मैदान. मूळ नाव परत यायला १९७२ उजाडावं लागलं.

५ डिसेंबर १९७६ चा प्रसंग सांगताना घरमालक भर रस्त्यात थांबले. फ्रँकोला जाऊन वर्ष झालं होतं, पण बास्क झेंड्यावरची, इकुरिन्यावरची, बंदी उठली नव्हती. सान सेबास्तियानला रेआल सोसिएदाद विरुद्ध अ‍ॅथलेटिक हा सामना होता. दोन्ही क्लब बास्क, पण हाडवैरी. त्या दिवशी अ‍ॅथलेटिकचा गोलकीपर इरिबार आणि सोसिएदादचा कप्तान कोर्ताबारिया यांनी तो झेंडा दोन बाजूंनी धरून मैदानावर आणला. सामना अ‍ॅथलेटिकने ५-० असा गमावला. "त्या हरण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही," ते म्हणाले. मग चालायला लागले.

आता अवघड भाग. तो टाळून मी उत्तर दिलं तर तुम्ही विचारलेला प्रश्न वायाच गेला. बास्क राष्ट्रवादाचा पाया घालणारे साबिनो आराना हे वंशाच्या, रक्ताच्या भाषेत बोलणारे होते. खाणींत आणि पोलाद कारखान्यांत राबायला स्पेनच्या गरीब भागांतून आलेल्या मजुरांना तेव्हा 'माकेतो' म्हणून हिणवलं जायचं. आपल्याकडे कुठल्या शब्दांनी हिणवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. क्लबचा नियम त्याच दशकांत रुजला, त्याच मातीत रुजला. त्याला तो वास नव्हताच असं मी म्हणणार नाही. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जोनास रामाल्यो, अ‍ॅथलेटिकच्या वरिष्ठ संघात आला तो २०११ साली. हा फार मोठा उशीर आहे. शेजारच्या क्लबांचीही तक्रार खरी आहे: ओसासुनासारख्या लहान क्लबाने घडवलेला मुलगा पैसेवाला अ‍ॅथलेटिक उचलून नेतो, तेव्हा व्रताचा उपास दुसऱ्यालाही घडतो. आणि सेनेगलहून सतराव्या वर्षी, खेळ शिकून झाल्यावर, बिल्बाओत उतरलेल्या पोराला हे दार बंदच आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. मला ते खटकतं.

पण त्याच रेषेच्या आत इन्याकी विल्यम्सही आहे. त्याचे आईवडील घानाचे. सहारा ओलांडताना त्यांना पायी चालावं लागलं, तापलेल्या वाळूने वडिलांच्या तळपायांना झालेल्या जखमांचा त्रास पुढे कायम राहिला. कसेबसे ते बिल्बाओला पोहोचले आणि १९९४ साली तिथेच मुलगा झाला. अडचणीत धावून आलेल्या एका धर्मगुरूचं नाव त्यांनी त्याला दिलं, अस्सल बास्क नाव. धाकटा भाऊ नीको नवारातल्या पाम्प्लोनाला जन्मला. नियमाने दोघेही पहिल्या श्वासापासून घरचे. आजोबा कुठले, आडनाव काय, कातडी कुठली, हे तो नियम विचारत नाही, आणि म्हणूनच काळ बदलला तेव्हा नियम न मोडता तो रुंद होऊ शकला. इन्याकी २०१६ ते २०२३ दरम्यान लीगचे सलग २५१ सामने खेळला, एकही न चुकवता. १९४०-५० च्या दशकांत याच क्लबाच्या तेल्मो सार्राने लीगमध्ये केलेले गोलही २५१, मेस्सीने २०१४ साली मागे टाकेपर्यंतचा विक्रम. बिल्बाओतली माणसं हे दोन आकडे शेजारी शेजारी सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं त्याला मी भूमिपुत्रवाद म्हणू शकत नाही. भूमिपुत्रवादाला इन्याकी कधीच आपला वाटला नसता.

या व्रताची किंमत काय, तेही ऐका. १९८४ साली अ‍ॅथलेटिकने लीग आणि करंडक दोन्ही जिंकले. तेव्हा संघ गाबारावर, म्हणजे मालवाहू तराफ्यासारख्या बोटीवर, चढून नदीतून शहरात आला. दोन्ही काठांवर माणसांची भिंत. घरमालक आपल्या छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. तिला नीट दिसलं नाही म्हणून ती रडली, तेव्हा ते म्हणाले, पुढच्या वर्षी दाखवतो. मग १९८५ चा करंडकाचा अंतिम सामना हरले. २००९, २०१२, २०१५, तीनही वेळा बार्सिलोनाकडून हरले. मधे सुपर कप हा छोटा करंडक दोनदा आला, पण त्यासाठी कुणी गाबारा बाहेर काढली नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महामारीमुळे लांबलेला एक आणि त्या वर्षीचा एक असे करंडकाचे दोन अंतिम सामने पंधरवड्यात आले. रिकाम्या मैदानावर दोन्ही हरले, पहिला तर सोसिएदादकडून. या सगळ्या वर्षांत चांगला परदेशी स्ट्रायकर विकत घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. क्लबचे मालक सभासदच आहेत. दर निवडणुकीत ते हे व्रत मोडू शकत होते. मोडलं नाही.

६ एप्रिल २०२४ ला सेविलमध्ये मायोर्काविरुद्ध करंडकाचा अंतिम सामना होता. आपल्याकडे रात्रीचा दीड. घरचे झोपले होते, मी आवाज बंद करून बघत होतो. आधी मायोर्काचा गोल, उत्तरार्धात नीकोच्या पासवर सान्सेतने केलेली बरोबरी, जादा वेळ, शेवटी पेनल्टी. बेरेंगेरने शेवटची मारली तेव्हा चार वाजून गेले होते. मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, "जिंकले? अगंबाई, खरंच?" आणि उठून बसली. बिल्बाओच्या त्या घराची, त्या माणसांची तिलाही माझ्याइतकीच माया.

११ तारखेला चाळीस वर्षांनी गाबारा निघाली. लाखो माणसं काठावर होती, आकडा दहा लाखांपर्यंत सांगतात. संध्याकाळी मी घरमालकांना फोन केला. त्यांची मुलगी, आता पन्नाशीकडे झुकलेली, त्यांना नदीवर घेऊन गेली होती. स्टूलही नेलं होतं, पण ते बसले नाहीत.

"चार तास उभा होतो," ते म्हणाले. "गाबारा दोन मिनिटं दिसली. या वेळी हिला नीट दिसली."