विंडोज ११ वर जुनी मराठी अक्षरजुळणी : आतापर्यंतची प्रगती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि नाशिकमधील आम्हा जुन्या सॉफ्टवेअरच्या हौशी मंडळींपैकी अनेकांना विंडोज ११ कडे वळावे लागले. माझ्याकडे रविवार पेठेतील एका बंद झालेल्या छापखान्याची सामग्री आहे. तीत पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामच्या ६.५ आणि ७ या आवृत्त्यांत जुळवलेल्या लग्नपत्रिका, २००३ च्या सिंहस्थाची माहितीपत्रके आणि त्याहून जुने, विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीच्या काळातील ग्राहकखाते आहे. हे सारे नव्या यंत्रावर उघडावे, दुरुस्त करता यावे आणि छापता यावे, एवढाच या उद्योगाचा हेतू आहे.

आतापर्यंतच्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुना प्रोग्राम स्वतः फारसा बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या भोवतालचे, म्हणजे सेटअप, ड्रायव्हर, लिहिण्याची परवानगी आणि अक्षरांची सांकेतिक व्यवस्था. त्यामुळे ‘चालत नाही’ एवढ्यावर न थांबता नेमके काय चालत नाही, हे आधी पाहावे.

विंडोज ११ केवळ ६४ बिटांमध्येच मिळते. ३२ बिटांचे प्रोग्राम त्यावर चालतात. १६ बिटांचे चालत नाहीत, कारण त्यांना सांभाळणारी एनटीव्हीडीएम ही व्यवस्था ६४ बिटांच्या विंडोजमध्ये नाही. प्रोग्राम कोणत्या जातीचा आहे हे हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, फाइल उघडून ओळखता येते. सुरुवातीला ‘एमझेड’ ही अक्षरे असतातच. थोडे पुढे ‘एनई’ दिसले तर तो १६ बिटांचा विंडोज प्रोग्राम होय, आणि ‘पीई’ दिसून दोन शून्य बाइटांनंतर ‘४सी ०१’ आले तर तो ३२ बिटांचा. यात एक चकवा आहे. मुख्य प्रोग्राम ३२ बिटांचा असूनही त्याचा सेटअप १६ बिटांचा असू शकतो. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवणाऱ्या साधनाच्या काही ठरावीक जुन्या सेटअपांना विंडोज स्वतःच पर्याय देते. उरलेल्यांसाठी ओटीव्हीडीएम हे १६ बिटांचे प्रोग्राम चालवणारे मुक्त साधन उपयोगी पडते.

सर्वाधिक वेळ गेला तो अक्षरांवर, आणि मराठीपुरता तोच या विषयाचा गाभा आहे. जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. पेजमेकरच्या दृष्टीने तो सगळा इंग्रजी मजकूरच असतो, आणि म्हणूनच युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतव्यवस्था, न जाणणाऱ्या या प्रोग्रामातून इतकी वर्षे उत्तम मराठी छपाई झाली. मात्र त्यासाठी २५६ पैकी वरच्या १२८ जागाही लागतात, आणि अनेक अर्धी अक्षरे व मात्रांची रूपे तिथेच असतात. विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८’ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) अशा अर्थाचा एक प्रायोगिक पर्याय आहे. मराठीप्रेमी माणसाचा हात त्यावर सहज जावा असेच त्याचे वर्णन आहे. पण तो निवडला की वरच्या जागांवरील एकेकटे बाइट अवैध ठरतात. चाचणीसाठी मी तो मुद्दाम चालू केला, तेव्हा माहितीपत्रकातली साधी अक्षरे बरीचशी टिकली आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटले. तो पर्याय बंद ठेवून, युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठी इंग्रजी भाषा निवडून यंत्र पुन्हा सुरू केले की मजकूर पूर्ववत दिसतो. फाइलला काही झालेले नसते. मात्र बिघडलेल्या अवस्थेत ती जतन करू नये, हे बरे.

जुने प्रोग्राम युनिकोड जाणत नाहीत, याच कारणाने फोल्डरांची आणि विंडोजमधील वापरकर्त्याची नावे रोमन लिपीत ठेवावीत. एरवी मी देवनागरी नावांचा आग्रही आहे. इथे इलाज नाही. शिवाय जुना प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवला आणि तो तिथेच लिहू लागला, तर विंडोज ते लेखन गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात वळवते. मग एकाने बदललेली मांडणी दुसऱ्याला दिसत नाही. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून प्रोग्राम तिथे बसवला की हा प्रश्न उरत नाही.

ग्राहकखाते फॉक्सप्रो या जुन्या माहितीसाठा प्रोग्रामचे आहे. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स-एक्समध्ये ते विनातक्रार उघडले. त्यातील नावे इस्की संकेतात, म्हणजे आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकाप्रमाणे, साठवलेली असल्याने डॉसबॉक्सच्या पडद्यावर मात्र ती निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ हे कोडपेज, म्हणजे बाइट आणि अक्षरे यांची जुळणी सांगणारा तक्ता, अजूनही उपलब्ध आहे, हे कळल्यावर मोठीच सोय झाली. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या साधनातून त्या कोडपेजने बाइट वाचून युनिकोडमध्ये लिहिले की नावे शुद्ध मराठीत हाती येतात. रफार आणि नुक्ता मी तरीही डोळ्यांनी तपासतो आहे.

अडले आहे ते डोंगलपाशी, म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल रोखणाऱ्या छोट्या उपकरणापाशी. छापखान्याच्या मराठी टंकन सॉफ्टवेअरचे कुलूप समांतर पोर्टवर बसते, त्याचा ड्रायव्हर ३२ बिटांचा आहे, आणि ६४ बिटांचे विंडोज असा ड्रायव्हर स्वीकारत नाही. यूएसबी डोंगल असते तर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या साधनातील विंडोज एक्सपीला ते जोडून देता आले असते. समांतर पोर्टच्या बाबतीत सध्या तरी एक जुने यंत्र, इंटरनेटची तार काढून, एक्सपीसह चालू ठेवणे हाच मार्ग दिसतो. त्यातील मजकूर पेन ड्राइव्हने नव्या यंत्रावर आणून पेजमेकरमध्ये जुळवतो, आणि तूर्त काम तसेच चालले आहे. सिंहस्थाच्या माहितीपत्रकांचे पीडीएफ तयार झाले असून लग्नपत्रिका अजून घ्यायच्या आहेत.