कांपेसिनो म्हणजे नुसता शेतकरी नव्हे

लिमाचे दोन दिवस धुक्यात गेले. कुस्कोला मी पोचलो तो नेमका २४ जूनला, इंती रायमीच्या दिवशी. साक्सायवामानच्या दगडी तटांसमोर इंका काळातल्या सूर्योत्सवाचा प्रयोग चालला होता. १९४४ पासून हा सोहळा आजच्या रूपात होतो. भारी तिकिटं काढलेले पर्यटक मांडवात, आणि आसपासच्या गावांतली माणसं पोराबाळांसह टेकडीच्या उतारावर. त्याच तारखेला पेरूत ‘दीआ देल कांपेसिनो’, म्हणजे कांपेसिनोंचा दिवस असतो. पर्यटकांना वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात मात्र त्याचा उल्लेख नव्हता, आणि उतारावरच्या माणसांना त्यात नुसतं ‘गरीब खेडूत’ करून टाकलं होतं. हे मला इतकं खटकलं की माचू पिच्चूबद्दल लिहायचं सोडून ‘कांपेसिनो’ या एका शब्दाबद्दल लिहितो आहे.

स्पॅनिशमध्ये ‘कांपो’ म्हणजे रान. आपल्याकडे ‘बाबा रानात गेलेत’ म्हटलं की बाबा जंगलात नसतात, शेतावर असतात. ‘कांपो’चा अर्थ तसाच पसरट आहे: शेत, शिवार, शहराबाहेरचा सगळा मुलूख. कांपेसिनो म्हणजे या रानातला माणूस, बाई असेल तर कांपेसिना. उच्चारताना जोर ‘सी’वर द्यायचा.

पेरूमध्ये मात्र या शब्दाला सरकारी जन्मतारीख आहे. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष लेगिया यांनी २४ जून हा ‘इंदिओचा दिवस’ ठरवला. ‘इंदिओ’ हा वंशाचा शब्द. जमीनदाराच्या तोंडी तो शिवीसारखा येई आणि आजही तो कोणाला उद्देशून वापरू नये. १९६९ मध्ये त्याच तारखेला जनरल वेलास्को यांच्या लष्करी सरकारने जमीन सुधारणेचा १७७१६ क्रमांकाचा हुकूम काढला आणि दिवसाचं नाव बदललं. ‘इंदिओ’ जाऊन ‘कांपेसिनो’ आला. जुन्या ‘कोमुनिदाद इंदिखेना’, म्हणजे मूळनिवासींचे गावसमाज, कागदोपत्री ‘कोमुनिदाद कांपेसिना’ झाल्या. शेजारच्या बोलिव्हियात हाच बदल १९५२ च्या क्रांतीनंतर झाला होता. तिथला जमिनीचा हुकूम २ ऑगस्ट १९५३ ला उकुरेन्या गावात निघाला.

मराठी माणसाला यातली गंमत लगेच कळावी. आपला ‘कुणबी’ आधी जमीन कसणारा होता, पुढे जात झाला. कांपेसिनोचा प्रवास नेमका उलटा: वंशाचं नाव पुसून तिथे कसणाऱ्याचं नाव लिहिलं गेलं. त्यात अपमान गेला हे खरं, पण केचुआ, म्हणजे ती भाषा बोलणारे इथल्या डोंगरांतले मूळनिवासी, म्हणून असलेली ओळखही झाकली गेली, आणि त्याचे पेच अजून सुटलेले नाहीत. पेरूच्या २०११ च्या पूर्वसल्लामसलतीच्या कायद्यानुसार खाणीसारख्या निर्णयांआधी मूळनिवासी समाजांना विचारावं लागतं. डोंगरातली कोमुनिदाद ‘कांपेसिना’ असली तरी निकषांत बसल्यास मूळनिवासी ठरू शकते, पण ते तिला दाखवून द्यावं लागतं. बोलिव्हियाने २००९ च्या राज्यघटनेत यावर सरळ उपाय केला. ‘इंदिखेना ओरिखिनारिओ कांपेसिनो’ (मूळनिवासी, मूळचा, कांपेसिनो) असे तीन शब्द, मध्ये स्वल्पविराम न घालता, एकच संज्ञा म्हणून लिहिले.

कुस्कोहून चिंचेरो गावाला शेअर टॅक्सीने पाऊण तास लागतो. उंची ३,७०० मीटरच्या वर, त्यामुळे पहिल्या दिवशी चढ हळूहळू चढावा. या भागात गावांच्या पाट्यांवर नावाआधी ‘कोमुनिदाद कांपेसिना’ लिहिलेलं दिसतं. ते वर्णन नाही, कायद्यातली संस्था आहे. १९८७ च्या २४६५६ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे तिचं सभासदांचं रजिस्टर असतं, त्याला ‘पाद्रोन’ म्हणतात. मताचा पूर्ण हक्क हवा असेल तर सज्ञान असावं लागतं, गावात किमान पाच वर्षांचा स्थिर वास लागतो, दुसऱ्या कोमुनिदादचं सभासदत्व चालत नाही आणि नाव पाद्रोनवर असावं लागतं. कारभारी मंडळ जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी निवडलं जातं. सभासदाला ‘कोमुनेरो’ म्हणतात, आणि गावात कोणाशी बोलताना हाच शब्द जास्त कानावर येतो.

सभासद म्हणजे कामाचा वाटा. पाट साफ करणं, रस्ता दुरुस्त करणं अशा गावकीच्या कामाला ‘फाएना’ म्हणतात. घरटी एक माणूस आला पाहिजे, नाही आला तर गाव दंड लावतं. शेतावरच्या देवाणघेवाणीला केचुआत ‘आय्नी’. आज तू माझ्या बटाट्यांच्या काढणीला आलास, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस, हिशोब चोख. ही आपली सावड. एकाच्या शेतावर सगळ्यांनी जमायचं आणि मालकाने जेवण घालायचं, ती ‘मिंका’, म्हणजे आपलं इर्जिक.

याच चिंचेरोच्या पठारावर नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं काम चालू आहे. त्यासाठी यानाकोनासारख्या कोमुनिदादींची जमीन गेली. १९३३ पासूनच्या राज्यघटनांनी सामाईक जमिनीला दिलेलं विक्रीबंदीचं संरक्षण १९९३ च्या घटनेने सैल केलं. १९९५ च्या कायद्यानंतर डोंगरी भागात एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी सभेत होकार दिला की जमीन विकता येते. म्हणजे आपण कांपेसिनो राहायचं की नाही हेही हात वर करून ठरतं. मला हे फार जड वाटलं.

आता ज्यासाठी जून महिना गाठावा ते. गावाच्या वर, गवताळ माळावर, बटाटे चादरीसारखे पसरलेले दिसतात. ही ‘चुन्यो’ची तयारी. त्यासाठी कडू जातीचे बटाटे घेतात. त्यांतल्या कडू विषारी द्रव्यांमुळे ते नुसते उकडून खाता येत नाहीत, पण कडाक्याच्या थंडीत तेच टिकतात. आधी आकारानुसार निवड होते, कारण लहान बटाटा एका रात्रीत गोठतो आणि मोठ्याचा गाभा तसाच राहतो. मग सपाट जागेवर एकच थर. दुसरा थर चढला की खालच्यांना हिव लागत नाही आणि ते सडतात. तीन ते पाच रात्री पारा शून्याच्या बराच खाली हवा, आभाळ निरभ्र हवं. एखाद्या रात्री ढग आले की थंडी अडते, अर्धवट गोठलेला बटाटा दिवसा मऊ पडतो आणि आंबतो.

ऊन चढून बर्फ सुटलं की बटाटे छोट्या ढिगांत गोळा करून अनवाणी पायांनी तुडवतात. टाच न मारता तळव्याने फिरवत दाबायचं, म्हणजे पाणी निघतं, साल सुटते आणि गर फुटत नाही. बूट घालून हे जमत नाही, कारण किती दाबायचं ते तळव्यालाच कळतं. पुन्हा पसरून आठ-दहा दिवस वाळवलं की काळा चुन्यो तयार. पाच किलो बटाट्यांचा जेमतेम एक किलो होतो, पण कोरड्या जागी तो वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा हवा असेल तर गोठलेले बटाटे उन्हापासून झाकून वाहत्या पाण्यात दोन-चार आठवडे ठेवतात आणि मग तुडवून वाळवतात. कुस्कोकडे त्याला ‘मोराया’ म्हणतात. चिंचेरोच्या रविवारच्या बाजारात तो पोत्यांनी मिळतो. घेताना वजनाला हलका आणि आतपर्यंत पांढरा बघून घ्या. शिजवण्याआधी रात्रभर भिजवा, पाणी दोनदा बदला.

ज्याला आभाळ बघून आजची रात्र गोठेल का हे सांगता येतं, त्याला ‘गरीब खेडूत’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या माळावर उभं राहावं.

मग मराठीत काय म्हणावं? ‘शेतकरी’ पुरत नाही, कारण पन्नास एकर उसाचा मालकही शेतकरीच. तसल्याला इकडे ‘आग्रिकुल्तोर’ म्हणतील, आणि इकाच्या वाळवंटात शतावरी पिकवून परदेशी पाठवणाऱ्या कंपनीला ‘आग्रोएक्स्पोर्तादोर’. तिथे रोजावर राबणारा तो ‘खोर्नालेरो’, आपला शेतमजूर. कांपेसिनो जमिनीचा छोटा तुकडा घरच्या माणसांसह कसतो, त्यातलं आधी घरी खातो, उरलेलं विकतो, आणि गावाशी बांधलेला असतो. मी तरी भाषांतर न करता शब्द तसाच ठेवेन.

देश बदलला की शब्दाची चालही बदलते. क्यूबात बोलताना ‘ग्वाखिरो’ म्हणतात, प्वेर्तो रिकोत ‘खिबारो’. कोलंबियाने २०२३ मध्ये घटनेचं ६४ वं कलम दुरुस्त करून कांपेसिनो समाजाला विशेष संरक्षण दिलं. तिथल्या खानावळीत पाटीवर ‘गायिना कांपेसिना’ दिसली तर बिनधास्त मागवा, ती गावरान कोंबडी आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. माळावर भेटलेल्या माणसाला ‘कांपेसिनो’ अशी हाक मारू नका. आपणही कोणाला ‘ए शेतकरी’ म्हणत नाही. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘ताय्ताय’, बाईला ‘मामाय’ म्हणा, आणि फोटो काढायचा तर आधी विचारा, कारण तुडवण्याचं काम मध्येच थांबवून चालत नाही.