सोलापुरात बसून पाहिलेल्या काही कर्तबगार नायिका

कार्यालयातल्या मैत्रिणी आणि नात्यातल्या मुली अधूनमधून माझ्याकडे मालिकांची नावे मागतात आणि बहुधा एकच अट घालतात: नायिका रडूबाई नसावी. ही अट मला अपुरी वाटते. रडणारी बाई खंबीर असू शकते आणि हातात पिस्तूल धरलेली बाई निव्वळ शोभेची असू शकते. मी दोन गोष्टी पाहते. बाईला काही काम आहे का आणि ते करताना ती आपल्याला दिसते का, ही पहिली. तिची जात, भाषा, वर्ण किंवा लैंगिक ओळख कथेच्या व्यवहारात मुरलेली आहे, की एका भागापुरती पाहुणी म्हणून आली आहे, ही दुसरी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बसथांब्यावर ऐकू येणाऱ्या सोलापुरात राहणाऱ्याला ही दुसरी कसोटी सोडता येत नाही.

पहिल्या कसोटीला उतरणाऱ्या नायिका दूरदर्शनवर केव्हाच येऊन गेल्या आहेत. 1985 च्या 'रजनी'मध्ये प्रिया तेंडुलकर ग्राहकाच्या हक्कासाठी भांडत होत्या. 1989 च्या 'उडान'मधली पोलीस अधिकारी कल्याणी कविता चौधरी यांनी स्वतःच लिहिली, दिग्दर्शित केली आणि साकारली. त्यामागे त्यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांची कारकीर्द होती, ज्या पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. मराठीत 1997 मध्ये आलेल्या 'दामिनी'त प्रतीक्षा लोणकर पत्रकार होत्या. त्यानंतरच्या वाहिन्यांच्या काळात बाईचे कार्यालय हळूहळू पडद्यावरून नाहीसे झाले आणि स्वयंपाकघर तेवढे उरले, ही तक्रार जुनीच आहे. ती उगाळण्यापेक्षा शिफारशींकडे वळते.

सर्वांत आधी 'दिल्ली क्राइम' पाहावी. 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या तपासावर आधारलेला तिचा पहिला हंगाम 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी मोठ्या आवाजात फारसे बोलत नाही. ती माणसे नेमते, रजा रद्द करते, अपुऱ्या साधनांत काम उरकते आणि या सगळ्यात घरच्या मुलीचा फोनही उचलते. रसिका दुग्गल यांची नीती सिंग तिच्याकडून शिकत जाते. मुळातला अत्याचार पडद्यावर न दाखवण्याचा दिग्दर्शक रिची मेहता यांचा निर्णय मला विशेष मोलाचा वाटतो.

सोलापूरकरांना मात्र मी 2022 चा दुसरा हंगाम आग्रहाने सुचवते. त्यात दक्षिण दिल्लीतील वृद्धांचे खून होतात, खुनाची पद्धत पाहून पोलिसांना 'कच्छा बनियान' टोळीचा संशय येतो आणि कसलाही पुरावा हाती नसताना विमुक्त जमातींच्या वस्तीवर धाड पडते. या जमातींची माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, असे ठामपणे सांगणारा एक निवृत्त अधिकारी मदतीला बोलावला जातो. हे ऐकताना आपल्याकडच्या प्रेक्षकाने अस्वस्थ व्हायला हवे, कारण ज्या कायद्याने ही समजूत सरकारी दप्तरात नोंदवली, तो गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा आणि त्याखाली उभारलेली तारेच्या कुंपणातील एक मोठी वसाहत आपल्याच शहरात होती. तिथल्या रहिवाशांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे आणि त्यांतले अनेक जण गिरण्यांत राबत. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. रिक्षावाला मात्र आजही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतो, आणि एखादी चोरी झाली की लोकांचे बोट कुठे वळते, हे सोलापुरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. वर्तिकेची परीक्षा इथे होते: वरिष्ठांना, वृत्तवाहिन्यांना आणि घाबरलेल्या शेजाऱ्यांना हवा असलेला आरोपी सोयीचा आहे हे कळत असताना तिला पुराव्याच्या बाजूने उभे राहायचे असते. या हंगामाचे एक उणेपण मला खटकते. विमुक्तांची बाजू मांडली जाते, परंतु त्यांच्यातली एकही स्त्री मनात घर करील इतका वेळ पडद्यावर राहत नाही. लक्षात राहते ती तिलोत्तमा शोम यांची महत्त्वाकांक्षी आणि भीतिदायक गुन्हेगार. अन्याय झालेल्या वस्तीला सहानुभूती आणि अभिनयाच्या संधी मात्र इतरांना, ही वाटणी आपल्या बहुतेक चांगल्या मालिकांत दिसते.

ती वाटणी काही अंशी मोडणारी मालिका म्हणजे प्राइम व्हिडिओवरील 'दहाड' (2023). रीमा कागती आणि झोया अख्तर यांनी घडवलेल्या या मालिकेत सोनाक्षी सिन्हा राजस्थानातील एका लहान गावाच्या ठाण्यातील उपनिरीक्षक अंजली भाटी झाल्या आहेत. अंजलीच्या वडिलांनी जात लपवण्यासाठी मेघवाल हे आडनाव टाकून भाटी हे घेतलेले असते, तरी गावाला सगळे ठाऊक असते. ती शेजारून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती लावतो. त्याला कोणी ओरडत नाही आणि तीही त्यावर भाषण करीत नाही. हा प्रसंग पुन्हा पुन्हा, जवळजवळ विनोदासारखा येतो आणि म्हणूनच तो झोंबतो. हुंडा देता येत नसलेल्या घरांतल्या मुली पळून गेल्या असे समजून कोणी त्यांचा शोधच घेत नाही, या उदासीनतेवर खुन्याचे सारे गणित उभे आहे, आणि ते अंजलीच्याच लक्षात का येते हेही कथेतून पटते. मधले काही भाग लांबले आहेत, हे मान्य करून पाहावी.

याच वर्षी आलेल्या 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या हंगामातील निदान एक भाग प्रत्येक मराठी घरात पाहिला जावा. नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात राधिका आपटे यांची पल्लवी मेणके ही उच्चविद्याविभूषित दलित वधू सासरच्या सुशिक्षित मंडळींच्या गोड नकाराला न जुमानता बौद्ध पद्धतीच्या विधीचा आग्रह धरते. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर पांढऱ्या साडीत लागलेले लग्न सोलापुरात मुळीच अपूर्वाईचे नाही. तरीही चकचकीत हिंदी मालिकेत ते दिसायला 2023 साल उजाडावे लागले.

मराठी वाहिन्यांविषयी बोलताना माझा सूर थोडा कडू होतो. 'उंच माझा झोका' (2012) ही रमाबाई रानडे यांच्यावरील मालिका घरोघरी पाहिली गेली आणि शिक्षण घेणारी मुलगी त्या वेळी खरोखरच नायिका झाली होती. सोनी मराठीवरील 'सावित्रीजोती'त अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन यांनी फुले दांपत्य मनापासून उभे केले, पण 2020 मध्ये सुरू झालेली ती मालिका त्याच वर्षी आटोपली. सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणे ठोकणाऱ्या आपल्या समाजाने तिला पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते. 'अग्गंबाई सासूबाई'तील निवेदिता सराफ यांच्या विधवा आसावरीचे दुसरे लग्न सुनेने पुढाकार घेऊन लावणे हा धीट विषय हलक्या हाताने मांडला होता. याउलट 'रंग माझा वेगळा'ने सावळ्या मुलीची व्यथा सांगताना गोऱ्या अभिनेत्रीला रंग फासून सावळी केली. महाराष्ट्रात सावळ्या अभिनेत्रींचा असा कोणता दुष्काळ पडला होता, हे मला अद्याप उमगलेले नाही.

हाच प्रश्न 'ताली'लाही विचारता येतो. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत तृतीयपंथी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांचे आयुष्य आणि तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणाऱ्या 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचा प्रवास येतो. सुष्मिता सेन यांचे काम प्रामाणिक आहे. मात्र 'मेड इन हेवन'मध्ये डॉ. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू ही ट्रान्स अभिनेत्री मेहेरची भूमिका करते, तेव्हा प्रेम, नोकरी आणि एकटेपणा यांत गुंतलेली एक साधी बाई आपल्यासमोर येते. संघर्षगाथेच्या नायिकेपेक्षा ती मला अधिक जवळची वाटली.

'पंचायत' सर्वांनी पाहिलेली आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण असल्यामुळे सरपंचपती हा प्राणी आपल्या परिचयाचा आहे, आणि नीना गुप्ता यांच्या नामधारी प्रधान मंजूदेवीने पहिल्या हंगामाच्या शेवटी ध्वजारोहणासाठी राष्ट्रगीत पाठ करणे ही तिच्या सत्ताग्रहणाची खरी सुरुवात आहे. तिच्या गावात जातीचा मागमूस नसणे हे मात्र न पटणारे आहे.

एक नायिका मला अजून भेटलेली नाही. आपल्या पूर्व भागात दुपारी दारात सूप मांडीवर घेऊन, पान कात्रीने कापून बिड्या वळणाऱ्या आणि एकमेकींशी तेलुगूत बोलणाऱ्या बायका घर चालवतात, संघटना करतात, मोर्चे काढतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत अशाच लढ्यातून उभी राहिली. एवढे नाट्य दाराशी असताना मी पाहिलेल्या एकाही मालिकेने तिकडे कॅमेरा वळवलेला नाही. ती मुख्य भूमिका तेलुगूमिश्रित मराठीत बोलली तर प्रेक्षक मिळणार नाही, अशी शंका कोणी काढील, तर त्याने 'पाताल लोक'चा 2025 चा दुसरा हंगाम पाहावा. त्यातली कथा नागालँडमध्ये जाते, तिलोत्तमा शोम यांची पोलीस अधीक्षक मेघना बरुआ दिल्लीहून आलेल्यांना आपल्या प्रदेशाची रीत शिकवते आणि कितीतरी संवाद नागामीज भाषेत आहेत. केरळमधील हत्तींच्या शिकारीवरील 'पोचर' तर बहुतांशी मल्याळममध्ये आहे, आणि निमिषा सजयन यांची वन अधिकारी माला त्यात तपासाचा भार वाहते. या दोन्ही मालिका भाषांतरित आवाजात पाहू नयेत. मूळ भाषा ठेवून खालची अक्षरे वाचत पाहाव्यात. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर 'पाताल लोक'मधील शिव्या आणि रक्तपात यांची आधीच कल्पना द्यावी.