आज नुसते चौकोन विणले

आज स्वेटरला हातच लावला नाही, दिवसभर नमुन्याचे चौकोन विणत बसले. केबलची, म्हणजे दोरीसारखे पीळ दिसणारी, वीण तीच, पण लोकर बदलली की तिचा स्वभाव बदलतो. अल्पाका मऊ, उबदार, पण मेरिनो मेंढीच्या लोकरीइतकी लवचीक नाही. तिचा मोठा स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबत जातो. म्हणून माझ्याकडे ती शालींसाठी. मोहेर ही केसाळ लोकर दिसायला सुंदर, पण एकदा उसवायला घ्या, मग कळेल!

चौकोन धुऊन, वाळवून मगच १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजते. बऱ्याच जणींना याचा कंटाळा येतो. मला मात्र खरं डिझाइन इथेच सुचतं. शेवटी तीन पदरी मेरिनो ठरली. तिचा धागा गोलसर असतो, त्यामुळे केबल छान उठते. गळ्याचं उद्या बघू.