वहीची मोडीतली पानं

वाळवा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजोबा धोतराच्या फडक्यात बांधलेली वही घेऊन आले. जुन्या कागदपत्रांची सफाई, वाचन आणि नोंद हे माझं काम. "आज्याची तमाशाची वही हाय, ताई. नुसती गाणी हायती. पोरं रद्दीत घालाय निघाली हुती."

कसर लागलेली होती, पण शाई टिकून होती. मऊ ब्रशने पहिली पानं झाडली आणि कळलं, हा साधा तमाशा नव्हे, सत्यशोधक जलसा आहे, म्हणजे तमाशाच्या ढंगात सत्यशोधक समाजाचा विचार सांगणारा खेळ. सुरुवातीच्या गणात गणपतीच्या जागी निर्मिक, म्हणजे फुल्यांच्या शब्दांत सृष्टीचा निर्माता. वगात, म्हणजे त्यातल्या नाट्यात, सावकाराचं व्याज आणि लग्नाच्या दक्षिणेपायी गहाण पडलेलं रान. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढून उभा केलेला विचार पुढच्या पिढ्यांत खेड्यापाड्यांत पोचला तो मोठ्या प्रमाणात अशा ढोलकी-तुणतुण्यावर. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही तो कळला.

गाणी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत होती. मागची पानं मोडीत, म्हणून घरात कुणी ती वाचलीच नव्हती. मी वाचत गेले. आधी जलशाच्या खेळांच्या सुपाऱ्यांचा हिशेब: गाव, बिदागी, मुक्काम कुणाकडे. मग भटजीविना लागलेल्या लग्नांची यादी. आणि शेवटी, १९४४ सालच्या नोंदीत, कुठल्या गावाहून किती पायली जोंधळा आला आणि कुणाच्या घरी पोचवला ते.

अक्षर तेच. गावं तीच. मुक्कामाची घरंसुद्धा बरीचशी तीच! मी आजोबांना एकेक नाव वाचून दाखवू लागले, तसे ते खुर्चीवरून पुढे सरकले. "ह्यो तर आमचा चुलत आजा. भूमिगतांना भाकरी न्यायचा म्हणत्यात."

प्रतिसरकार, म्हणजे भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार, म्हटलं की आपल्याला क्रांतिसिंह नाना पाटील आठवतात, जी. डी. बापू लाडांचं, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं कुंडल आठवतं, १९४३ सालची शेणोलीची रेल्वेलूट आठवते. ते आठवायलाच हवं. पण इंग्रजांच्या नाकावर टिच्चून १९४३ ते १९४६ न्यायनिवाडे करणारं, साधी, कमी खर्चाची 'गांधी लग्नं' लावणारं राज्य एका 'चले जाव'च्या हाकेवर उभं राहत नाही. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात त्याची मशागत आधीच झाली होती. नाना पाटील स्वतः सत्यशोधकी विचारात वाढलेले. कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा जन्मही १९१९ साली काले या गावी, सत्यशोधकांच्याच परिषदेत झाला. पुरोहितावाचून लग्न लावायला धजलेलं गाव पुढे मामलेदारावाचून निवाडा करायला कचरलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. अभ्यासकांनी हा धागा मांडला आहे. एकाच माणसाच्या हातच्या हिशेबात तो सलग मी पहिल्यांदाच पाहिला.

आमच्या नोंदवहीत 'विषय' या रकान्यात एकच शब्द लिहायची पद्धत आहे. वरिष्ठ म्हणाले, "लोककला लिहा, गाणीच जास्त आहेत." मी अडून बसले. लोककलेच्या कपाटात गेलेली वही स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासकाच्या हाती कधी लागणार? अशीच तर ही माणसं इतिहासातून गळाली. बऱ्याच वादानंतर दोन नोंदी करायला परवानगी मिळाली.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावांची यादी मी बाळबोधीत उतरवून आजोबांना दिली. त्यातल्या तीन गावांत त्यांचे पाहुणे आहेत. तिथल्या माळ्यांवर अशा वह्या आहेत का, हे विचारायला ते पुढच्या बाजाराच्या दिवशी जाणार आहेत.