एक्स-रे नॉर्मल होता, पण ती पाय टेकवत नव्हती

आठेक वर्षांची मुलगी होती, पायरीवरून उडी मारताना पाय आत वळून मुरगळला होता. चिठ्ठीवर लिहिलेलं, एक्स-रे नॉर्मल, ग्रोथ प्लेटचं फ्रॅक्चर आहे का बघा. ग्रोथ प्लेट म्हणजे मुलांच्या हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा थर, जिथून हाड वाढतं. मी मुलांची सोनोग्राफी करते त्यामुळे ही चिठ्ठी ओळखीची. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज, दाबलं की दुखतं आणि एक्स-रेत काही नाही, अशा मुलांना वर्षानुवर्षं साल्टर हॅरिसचा पहिला प्रकार, म्हणजे ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरचा एक प्रकार, धरून सरळ प्लास्टर घातलं जायचं. साल्टर आणि हॅरिसनी हे प्रकार १९६३ साली मांडले, पहिल्यात चीर फक्त ग्रोथ प्लेटमधून जाते, म्हणजे हाड सरकलेलं नसेल तर एक्स-रेवर दिसायला काही उरतच नाही. मुलांची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, मजबूत आणि ग्रोथ प्लेट कमजोर, म्हणून मुलांना स्प्रेन, म्हणजे लिगामेंटची इजा, होत नाही, हेच आम्ही शिकलो. पुढे अशाच मुलांचे एमआरआय करून बघितले तर उलटंच निघालं, बहुतेकांची ग्रोथ प्लेट शाबूत असते आणि मार लिगामेंटला असतो.

ही वडिलांच्या कडेवर बसून आली, पायाकडे कुणी नुसतं बघितलं तरी रडायला लागायची. मी नेहमी चांगल्या पायापासून सुरुवात करते, एकतर मुलाची भीती जाते आणि दुसरं म्हणजे तुलनेशिवाय मुलांच्या घोट्याबद्दल काही बोलूच नये असं माझं ठाम मत आहे. म्हणलं, बाळा, आधी हा पाय बघू, यंत्र तूच धर. तिने प्रोब धरला, मी तिचा हात धरला. हाडाची पांढरी रेघ, मध्ये छोटी खाच म्हणजे ग्रोथ प्लेट, आणि खाली टोकाला काळपट कूर्चा. एक्स-रेला ही कूर्चा दिसत नाही, त्याच्या लेखी तिथे काही नसतंच.

मग दुखऱ्या पायावर भरपूर जेल टाकलं, इतकं की प्रोब जेलवर तरंगेल आणि कातडीला दाब बसणार नाही. ग्रोथ प्लेटपाशी दोन्ही बाजू सारख्या, हाडाच्या रेघेत पायरी नाही, वरच्या आवरणाखाली रक्त नाही. चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं होतं. पण सूज होती ती बरीच खाली, आणि मी तिला विचारलं, एका बोटाने दाखव कुठे सगळ्यात जास्त दुखतं, तर तिने बरोबर फिब्युलाच्या, म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या, टोकाच्या पुढे बोट ठेवलं. ग्रोथ प्लेट तिथून चांगली वर.

तिथून टॅलसकडे, म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडाकडे, जाणारं पुढचं लिगामेंट लांबीत धरलं. तंतू सुजलेले पण सलग, कुठे तुटलेले नाहीत. तसंच मागे फिब्युलापर्यंत आले आणि तिथे दिसलं, तांदळाच्या दाण्याहून लहान पांढरी कपची, लिगामेंटला चिकटलेली, आणि तिच्यात नि टोकात काळी फट. टाच अगदी हळू पुढे घेतली तशी फट रुंदावली आणि कपची लिगामेंटबरोबर हलली, मुलगी कळवळली म्हणून लगेच सोडलं, तेवढं पुरेसं होतं. काही मुलांना या जागी मुळातच सुटा छोटा हाडाचा दाणा असतो पण त्याच्या कडा गोल गुळगुळीत असतात, इथे कडा खडबडीत, भोवती ताजं रक्त, आणि दुसऱ्या पायात असं काहीच नाही. एक्स-रे परत उघडून बघितला, त्या जागी मला खात्रीने बोट ठेवता येईना.

ऑर्थोच्या सरांना फोन केला, म्हणलं सर, ग्रोथ प्लेट ठीक आहे पण लिगामेंटने टोकाची कपची ओढून काढलीये. ते स्वतः खाली आले, स्क्रीनवर बघितलं, आणि नुसता क्रेप बँडेज बांधून पाठवायचा बेत बदलून गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. हे महत्त्वाचं आहे, कारण असा तुकडा जुळला नाही तर तो सुटाच राहू शकतो आणि पाय पुढे पुन्हा पुन्हा मुरगळतो.

वडिलांनी विचारलं, मग एक्स-रे उगाच काढला का? मी सांगितलं, अजिबात नाही. सोनोग्राफी हाडाचा फक्त पृष्ठभाग दाखवते, सांध्याच्या आत टॅलसच्या माथ्यावर मार असेल तर तो बराचसा हाडाआड लपतो, आणि आत खोल दुखत राहिलं तर एमआरआयच लागतो.

त्या दिवसापासून अशा चिठ्ठीवर मी 'ग्रोथ प्लेट नॉर्मल' एवढंच लिहून रिपोर्ट देत नाही. लिगामेंट दोन्ही टोकांपर्यंत बघितलं का, फट किती मिलिमीटर, हलवल्यावर किती वाढली आणि दुसऱ्या पायात काय दिसलं, हे सगळं लिहिते, आणि मुलाने बोट कुठे ठेवलं तेही.